खुराड्यातली हवा

कोंबडी आजारी आहे हे दिवसा कळत नाही. दिवसा ती बाकीच्यांबरोबर उकिरडा उकरते, दाणे टाकले की धावत येते, कोंबडा मागे लागला की पळते. कळपात दुबळं दिसणं तिला परवडणारं नसतं. वर घार असते आणि खाली तिच्याच बहिणी असतात. एखादी जरा मंदावली की आधी याच बहिणी तिला टोचून दाण्यावरून हुसकतात. त्यामुळे ठणठणीत असल्याचं सोंग ती शेवटपर्यंत निभावते. ज्या सकाळी ती पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसते, त्या सकाळपर्यंत तिचं दुखणं चांगलं मुरलेलं असतं.

नोकरी संपवून आम्ही पुण्याहून कोयनेच्या खोऱ्यातल्या सासरच्या घरी राहायला आलो. परसात चार कोंबड्या असाव्यात ही माझी जुनी हौस. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यात सर्दी शिरली आणि मी दिवसभर खुराड्यापुढे पाट टाकून एकेकीला न्याहाळत बसू लागले. शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आवं वैनी, दिवसा काय बगताय तिच्याकडं? राती ऐका."

रात्री ऐकायचं म्हणजे असं. सगळ्या दांडीवर चढल्या, जागेवरून होणारी भांडणं मिटली, की थोड्या वेळानं बॅटरी न लावता खुराड्याजवळ जाऊन उभं राहायचं. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. अजिबात नाही. त्यामुळे जे काही ऐकू येतं ते कामाचं असतं. एखादीच्या गळ्यात बारीक, ओली घर्रर्र चालू असते. एखादी मधूनच डोकं झटकते आणि 'चिक्' असा तोकडा आवाज काढते, ती तिची शिंक. एखादी दर श्वासाला मान लांब करून चोच उघडते आणि तेव्हा आत कुठेतरी शिट्टी वाजते. पाऊस जरा थांबला असेल तर कुठली दांडी, कुठला कोपरा, इथपर्यंत अंदाज येतो. मग बॅटरी लावून त्या एकीला अलगद उचलायचं.

उचलल्यावर काय पाहायचं ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिकवलं. (गावात पशुधन पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात, आणि निम्म्या वेळा डॉक्टरचं कामही तोच करत असतो.) आधी नाकपुड्या. नाक वाहत असेल तर भरड्याची धूळ तिथे चिकटून खपली धरते. मग खांद्यावरची पिसं. कोंबडीला नाक पुसायला दुसरं काही नाही, ती मान वळवून खांद्यालाच पुसते, म्हणून सर्दी झालेलीच्या खांद्यावरची पिसं चिकट, मळकट दिसतात. नाक तेवढ्यापुरतं कोरडं असलं तरी खांदा खोटं बोलत नाही. मग डोळ्याचा कोपरा, तिथे साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे आहेत का. मग डोळ्याखालचा भाग. तिथे कातडीच्या लगेच आत एक पोकळी असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला हाड नसतं. त्यामुळे आत घाण साठली की गाल फुगतो, कधीकधी इतका की डोळा बंदच होतो.

सगळ्यात शेवटी चोच उघडून पाहायचं. टाळूला मधोमध एक चीर असते, नाकातलं सगळं तिथून तोंडात उतरतं. आणि जिभेच्या अगदी मुळाशी एक छोटी फट उघडझाप करत असते. ती श्वासनलिकेची. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ती इतकी पुढे, इतकी उघडी आहे याचंच नवल वाटलं होतं. आजारी कोंबडीच्या घशात चमच्यानं तेल ओतणं, आल्या-लसणाचा रस पाजणं, काढा घालणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ते सगळं ओतणाऱ्याच्या नकळत याच फटीतून थेट आत जाऊ शकतं. काढा चांगला की वाईट हा प्रश्नच नंतरचा. पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, ती आपणहून गिळते.

आत गेलेली हवा कुठे जाते हे कळल्याशिवाय या दुखण्यांचा चिवटपणा कळत नाही. आपली फुप्फुसं फुगतात आणि आकसतात. कोंबडीची फुप्फुसं फारशी हलतच नाहीत, ती पाठीच्या बरगड्यांत रुतून बसलेली असतात. हवा हलवण्याचं काम करतात आठ-नऊ पातळ पिशव्या, मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसांतून पुढच्या पिशव्यांत, आणि मग बाहेर. म्हणजे फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनं वाहते, आणि एक घोट हवा पूर्ण फिरून बाहेर पडायला दोन श्वास लागतात. या पिशव्या काही हाडांतही शिरलेल्या असतात. जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदानं अठराव्या शतकात दाखवून दिलं होतं की श्वासनलिका बांधलेला पक्षी पंखाच्या उघड्या हाडातूनही श्वास घेऊ शकतो.

उडणाऱ्या जीवाला ही रचना वरदान आहे. खुराड्यात राहणाऱ्याला तितकी नाही. आपल्याला सर्दी झाली तर ती बरेचदा नाकाघशात अडते. कोंबडीची सर्दी पिशव्यांतून पोटापर्यंत उतरते. त्या पिशव्यांच्या भिंतींत रक्तवाहिन्या अगदी तुरळक, म्हणजे औषधही तिथे नीट पोचत नाही. छाती-पोट वेगळं करणारा पडदाही तिला नसतो. श्वासासाठी छातीचं हाड खाली-वर व्हावं लागतं, म्हणून लहान मुलं प्रेमानं छातीशी गच्च आवळून धरतात तेव्हा ती खरोखर गुदमरत असते. आणि बाजारात पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण जन्मभर पाहतो, त्यांच्या आतड्या-काळजाचा भार त्या पिशव्यांवर पडलेला असतो. आजारी असेल तर तो प्रवासच तिला पुरतो.

आता हवेबद्दल. आमच्या वाडीत मुंगूस आहे, ऊदमांजर आहे, आणि गेली काही वर्षं बिबट्या कुत्र्यांपाठोपाठ अंगणापर्यंत येतो. त्यामुळे जो तो खुराडं पक्कं करतो. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढे जाळीचं दार, आणि मिरगाचा पाऊस लागला की त्या जाळीवरही ताडपत्री. मुंगसाला फट राहत नाही. हवेलाही राहत नाही. आक्कांच्या सासूबाईंच्या काळी कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली किंवा गोठ्यात आडव्या वाशावर असत. त्यातल्या काही मुंगूस न्यायचंच. पण जी राहत ती चारही बाजूंनी हवा खात राही. जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही, कारण त्या काळी कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की वाडीच्या वाडी रिकामी होई हेही आक्काच सांगतात. एवढंच की राखणीसाठी आपण जे बांधलं त्यात श्वासाचा विचार कुणी केला नाही, आणि घरकुलाला खिडकी किती असावी हे सांगणारा खुराड्यापर्यंत कधी आला नाही.

बंद खुराड्यात खरा त्रास असतो तो अमोनियाचा. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते तिचं मूत्र, म्हणजे युरिक आम्ल. ते ओलं राहिलं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या 10 लाख भागांत 25 भाग अमोनिया झाला की श्वासनलिकेच्या आतल्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंना इजा होऊ लागते. हे तंतू आत आलेली धूळ आणि जंतू सतत वर ढकलत असतात. ते थकले की दार उघडंच. आपलं नाक यात विश्वासाचं नाही, दोन मिनिटांत त्याला वासाची सवय होते आणि शिवाय ते कोंबडीच्या नाकापेक्षा चार फूट वर असतं. सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली वाकून, दांडीच्या उंचीला तोंड नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर कोंबडी रात्रभर काय ओढत होती ते कळतं.

मग लोक काय करतात? ओल्या तुसावर चुना टाकतात. चुन्यानं जंतू मरतात हे खरं, पण ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया आधी जास्तच सुटतो, कारण तो क्षारात मोकळा होतो. राखेचंही तेच. आधी ओला तूस काढायचा, जमीन खरवडून कोरडी करायची, कोंबड्या बाहेर असताना चुना मारायचा, आणि मग कोरडा भाताचा तूस. बुरशी धरलेला पेंढा तर अजिबात नको. त्या बुरशीचे कण पिलांच्या फुप्फुसात रुजतात आणि त्यावर गावात मिळणारं कुठलंही औषध चालत नाही. आणि झरोका हवा तो कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, पावसाची झड येत नाही त्या बाजूला, मुंगूस शिरणार नाही अशा बारीक जाळीचा. अंगावर वारा नको आणि डोक्यावरची हवा कोंडायला नको. एवढ्याशा दोन अटी आहेत, पण आमच्याकडच्या तिरप्या पावसात त्या एकत्र पाळणं हे बिबट्याला अडवण्यापेक्षा कठीण काम आहे.

आवाजावरून रोग ओळखता येतो का? थोडाफार. खात्रीनं नाही, आणि ज्यांना खात्री असते त्यांच्याकडून औषध घेऊ नये. डोळ्यात फेस, गळ्यात घर्रर्र, पण खाणंपिणं चालू, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारं दुखणं बहुधा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचं असतं. पोल्ट्रीवाले त्याला 'सीआरडी' म्हणतात, म्हणजे जुनाट श्वसनरोग. गाल सुजलेला आणि नाकाला विशिष्ट कुजका वास असेल तर कोरायझा, तो पिण्याच्या एका भांड्यातून चार दिवसांत सगळ्यांत फिरतो. तोंडात पिवळट, चिकट खपल्या दिसल्या तर देवीचा आतला प्रकार, डासांनी आणलेला. त्या खपल्या नखानं ओरबाडायच्या नाहीत, रक्त येतं आणि पुन्हा धरतात. उन्हाळ्यात दुपारी सगळ्याच चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापत असतील तर तो रोग नव्हे. कोंबडीला घाम येत नाही, धापणं हाच तिचा घाम. गार पहाटे एकटीच धापत असेल तर मात्र बघायचं.

आणि एक कोरोनाही असतो. हे मी पहिल्यांदा आक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. पण कोंबड्यांचा संसर्गजन्य ब्राँकायटिस हा कोरोना कुळातल्याच विषाणूचा, आणि तो माणसाच्या कोरोनाच्या कितीतरी आधी, 1931 साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात नोंदला गेला. माणसाला तो होत नाही. शिंका, घरघर, आणि सर्दी ओसरल्यावरही अंडी बिघडलेली: कवच सुरकुतलेलं, आतला पांढरा बलक पाण्यासारखा पातळ. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना पिलं खड्ड्यात पुरायची वेळ आली. त्याच दिवसांत आमच्याकडे सुरकुतलेली अंडी निघत होती आणि मी ती कुणाला दाखवत नव्हते.

सीआरडीची एक गोष्ट मनाला लागते. औषधानं कोंबडी बरी होते, म्हणजे आवाज थांबतो, अंडं सुरू होतं. पण जंतू तिच्यात राहतो. पुढचा पाऊस, पुढची उपासमार, जागेची अदलाबदल, पिसं गाळण्याचे दिवस, काहीही निमित्त झालं की घर्रर्र परत. आणि तो अंड्यातून पिलात जातो. आमच्या वाडीत खुडूक कोंबडीखाली घालायला एकमेकींकडून अंडी मागून नेतात, 'तुमच्या कोंबडीची जात चांगली आहे' म्हणून. जातीबरोबर काय जातं हे अंड्यावर लिहिलेलं नसतं. कृषी केंद्रातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात टाकून द्यायची रीत पडली आहे. तिनं विषाणूला काही होत नाही, जी सगळ्यात आजारी ती पाणीच पीत नाही, आणि त्या दिवसांतली अंडी खायची नसतात हे पुडी देणारा सांगत नाही. औषध वाईट नाही. पण कुठल्या जंतूला, किती दिवस, हे दवाखान्यात विचारून द्यावं. अर्ध्यावर सोडलेली पुडी तर नकोच.

हे सगळं रेंगाळणारं, चिवट, सांभाळत जगता येण्यासारखं. मानमोडी तशी नाही. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. आधी तोच श्वास, चोच उघडी, मान ताणलेली. मग हिरवट पातळ विष्ठा. मग मान पिळवटत जाते, कोंबडी उलटी पडते, गोल गोल फिरते. लस न टोचलेल्या वाडीत ती शिरली की शंभरातल्या नव्वदसुद्धा जाऊ शकतात, आणि तिच्यावर औषध नाही. 1926 साली हा रोग इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आणि जावा बेटावर एकाच सुमारास दिसला, पाठोपाठ कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला. तिथून जवळच मुक्तेश्वरला सरकारी पशुरोग प्रयोगशाळा होती, एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं तिथे त्याचा अभ्यास केला. आपल्याला जवळची गोष्ट अशी की ती प्रयोगशाळा मूळची पुण्याची. 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1893 मध्ये लोकवस्तीपासून लांब हवी म्हणून मुक्तेश्वरच्या जंगलात गेली. मोठ्या कोंबड्यांना सुईनं देतात ती 'आर टू बी' लस त्याच मुक्तेश्वरातल्या कामातून आली. म्हणजे लस गेली कित्येक दशकं आहे. तरी गावठी कोंबडी मानमोडीनंच मरते.

का मरते याचं उत्तर बाटलीत आहे. डोळ्यात थेंब टाकायची मानमोडीची दुसरी लस, लासोटा, सुकवलेल्या गोळीच्या रूपात येते, एका बाटलीत शंभर मात्रा. बर्फातून आणायची, सोबतच्या द्रवात विरघळवायची, आणि विरघळवली की दोन तासांत संपवायची. पोल्ट्रीवाल्याला शंभर मात्रा ही काहीच नाही. आक्कांकडे बारा-पंधरा कोंबड्या. बाटली स्वस्त आहे, पण बारा कोंबड्यांसाठी तालुक्याला जाऊन, बर्फ घालून, एसटीनं ती आणायची आणि ऐंशीवर मात्रा ओतून द्यायच्या, हे कुणाच्या जिवावर येणार नाही? ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो या शास्त्रज्ञानं गावखेड्यांसाठी उन्हाला जरा जास्त टिकणारी लस तयार केली आणि ती आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियातल्या बायकांनी घरोघरी थेंबथेंब टाकत वापरली. त्यांचाही प्रश्न हाच होता: चार कोंबड्या, एक मोठी बाटली, आणि फ्रीज नाही.

दुसरं उत्तर बाजारात आहे. आखाड लागला की कोंबड्याला भाव येतो. व्यापारी मोटरसायकलला डालगी बांधून वाडी-वाडीनं फिरतो, इथली एक घेतो, तिथली दोन, आणि तेच डालगं आमच्या अंगणात टेकवतो. त्याच दिवसांत पाऊस, त्याच दिवसांत बंद खुराडी. आणि एखादीनं मान टाकायला सुरुवात केली की बाकीच्या धडधाकट दिसतायत तोवर विकून टाकायच्या, ही रीत सगळीकडची. धडधाकट दिसणारीत रोग असतो, पुढच्या बाजारात तो गाव बदलतो. हे मी आक्कांना एकदा बोलून दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय मातीत घालू वैनी? पोरीच्या वह्या आणायच्यात, ह्यास्नी मागून मिळत्यात व्हय?" कोंबड्यांचा पैसा हा घरातल्या बाईचा एकटीचा पैसा. तो बुडणार असं दिसल्यावर तिनं गप्प बसून मरणाची वाट पाहावी हा सल्ला पेन्शन घेणारीनं देणं सोपं आहे. त्यांचं वागणं मला पटलं नाही, पण त्या चूक आहेत असंही म्हणवत नाही.

मोठ्या रोगात तर गप्प बसण्याचं कारण आणखी वजनदार. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, त्यात अंगणातल्याही होत्या. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तेच, एक किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या. बर्ड फ्लूत रात्री ऐकत बसायला सवड मिळत नाही. काल चरत होत्या त्या सकाळी मेलेल्या असतात, तुरा निळा-काळा, डोकं सुजलेलं. अशा वेळी उघड्या हातानं उचलायचं नाही, सोलायचं नाही, विकायचं नाही, 1962 या नंबरवर फोन करायचा किंवा दवाखान्यात कळवायचं. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकानं मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेलीची नाही. म्हणजे लवकर कळवण्यातच पैसा आहे, पण हे गणित गावात कुणी फळ्यावर मांडून दाखवलेलं नाही. लोकांना आठवतात ती पांढऱ्या पोशाखातली माणसं आणि पोती.

आमच्या वाडीत बाटलीचा तिढा सुटला तो बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा करून झाले होते, चहा यायचा होता, आणि कुणीतरी सहज हिशेब केला की सगळ्यांच्या मिळून कोंबड्या शंभराच्या आसपास भरतात. म्हणजे बाटली बरोबर एका वाडीची. आता वर्षातून दोन-तीनदा, एकदा तरी आखाडाच्या बरंच आधी, आम्ही ती आणतो. आदल्या रात्री मी आणि आक्का घरोघर खुराड्यांपाशी ऐकत फिरतो, कारण आजारी कोंबडीला लस द्यायची नसते, आणि ज्या घरात घर्रर्र असते त्या घराला पुढच्या खेपेवर ठेवावं लागतं. त्यावरून रुसवेफुगवे होतात. एका वहिनींनी मला बजावलं, "माझी कोंबडी घोरतीया, आजारी न्हाय." घोरणारी कोंबडी मी तोवर ऐकली नव्हती. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं आणि सांगितलं की वहिनींचं अर्धं बरोबर आहे: जुना सीआरडी, नाक कायमचं बिघडलेलं, बाकी तब्येत उत्तम. तिला थेंब मिळाला, शेवटच्या शेवटी, आणि तिला धरणाऱ्यानं लगेच हात धुतले.

थेंब टाकायचं काम उजाडायच्या आत. उन्हात लस मरते आणि दार उघडल्यावर कोंबड्या हाती लागत नाहीत. पोरं पकडून आणतात, एकजण पाय आणि पंख धरतो, डॉक्टर एका डोळ्यात एक थेंब सोडतात आणि कोंबडीनं पापणी मिटेपर्यंत हात सोडत नाहीत. मिटली म्हणजे आत गेला. लस टाकून झाल्यावर आपलेच डोळे चोळायचे नाहीत, माणसाचे डोळेही त्यानं दोन-तीन दिवस लाल होतात. हे दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी एक तरी पोरगं चोळतंच.

अडचण उरलीय ती वरच्या आळीतल्या मामांची. त्यांच्या कोंबड्या खुराड्यात झोपतच नाहीत, फणसावर झोपतात. मुंगसानं दोन नेल्या, घुबडानं एक नेली, पण शिंक म्हणून त्यांच्याकडे ऐकू आलेली नाही. "माझ्या झाडाला भिंत न्हाय, म्हणून रोगबी न्हाय," असं ते दर बैठकीत बायकोमार्फत कळवतात, आणि सर्दीपुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. मानमोडीला फणस अडवणार नाही हे त्यांना डॉक्टरांनी सांगून झालं, आक्कांनी सांगून झालं. मागच्या खेपेला ते तयार झाले, पण पहाटे फणसावर कोण चढणार यावर घोडं अडलं, आणि ते ठरेपर्यंत बाटलीचे दोन तास होऊन गेले. पुढची बाटली वैशाखात आणायची आहे. शिडी ग्रामपंचायतीची मिळते का ते बघायला सांगितलंय.